खोट्या किंकाळीला खरी धाव

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स प्रांताच्या उत्तरेला टेंटरफिल्ड नावाचं एक लहान गाव आहे. २४ ऑक्टोबर १८८९ रोजी हेन्री पार्क्स यांनी तिथे भाषण केलं आणि विखुरलेल्या ब्रिटिश वसाहतींनी मिळून एक राष्ट्र व्हावं या मागणीला जोर आला, म्हणून इतिहासाच्या पुस्तकांत या गावाचं नाव येतं. मेंढ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना मात्र ते आणखी एका वस्तूमुळे ठाऊक असतं. ती वस्तू म्हणजे टेंटरफिल्ड शिट्टी. पत्र्याचा छोटा तुकडा दुमडायचा, दोन पदरांमध्ये थोडी फट ठेवायची आणि दोन्ही पदरांना समोरासमोर एकेक भोक पाडायचं, झाली शिट्टी. ती ओठांत धरून फुंकली आणि जिभेनं हवेचा झोत कमीजास्त केला की सापडलेल्या सशाची किंकाळी निघते. तेवढ्या पत्र्याच्या तुकड्यावर दूरच्या टेकाडामागचं खोकड आपली वाट सोडून धावत येतं.

इथे खोकड म्हणजे युरोपातलं तांबडं खोकड, आपल्या माळरानावरच्या खोकडाचं थोराड भावंड. रात्री कोल्हेकुई करणारा आपला कोल्हा वेगळा. तो लांडग्याकुत्र्यांच्या जास्त जवळचा. या तांबड्या खोकडाचा ऑस्ट्रेलियाशी मुळात काहीच संबंध नव्हता. घोड्यावर बसून, शिकारी कुत्र्यांचा ताफा मागे लावून खोकडाची शिकार करायची ही इंग्लंडातल्या जमीनदारांची हौस. ती हौस नव्या मुलखातही पुरी करता यावी म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिक्टोरिया प्रांतात खोकडं आणून सोडली गेली. त्याच प्रांतात १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदारानं आपल्या बारवन पार्क या इस्टेटीवर शिकारीसाठी ससे सोडले होते. ससे बेसुमार वाढले आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांना खाणारं खोकडही पसरत गेलं. १८७०च्या दशकात मेलबर्नच्या आसपास रानात रुजलेला हा प्राणी पुढच्या काही दशकांत पार पश्चिम किनाऱ्यापर्यंत पोचला. उत्तरेचा उष्ण कटिबंधातला पट्टा सोडला, तर आज मुख्य भूमीवर बहुतेक सगळीकडे तो आहे.

फक्त सशांवर भागलं असतं तर एवढी ओरड झाली नसती. पण ऑस्ट्रेलियातल्या लहान पिशवीवाल्या प्राण्यांनी, जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांनी आणि वाळूत अंडी घालणाऱ्या कासवांनी असा चोरपावली शिकारी कधी पाहिलाच नव्हता. त्याच्यापासून पळायचं कसं, लपायचं कुठे, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं नव्हतं. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात देशातली खोकडं सुमारे १७ लाख आणि त्यांच्या तोंडी वर्षाला जाणारे देशी प्राणी सुमारे ३० कोटी, असा अंदाज मांडला आहे. मेंढपाळांची कोकरं वेगळीच. म्हणून या शिट्टीकडे निव्वळ शिकारीचा शौक म्हणून पाहणं मला पटत नाही. माणसानं केलेली एक चूक निस्तरायला माणूसच जी अनेक साधनं वापरतो, त्यातलं हे एक साधन. त्याचं काम कसं चालतं आणि कुठे अडतं, दोन्ही समजून घेण्याजोगं आहे.

सुरुवात खोकडाच्या कानापासून करू. तांबड्या खोकडाच्या श्रवणशक्तीची नीट मोजणी २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली. शिकवून तयार केलेल्या खोकडांना वेगवेगळ्या पट्टीचे आवाज ऐकवून ती मोजणी केली होती. साधारण ५१ हर्ट्‌झपासून ४८ हजार हर्ट्‌झपर्यंत त्यांना ऐकू येतं. माणसाची वरची मर्यादा २० हजार हर्ट्‌झ, तीही तरुणपणी. खोकडाचा कान सर्वांत तिखट असतो तो ४ हजार हर्ट्‌झच्या आसपास. तिथे शून्याच्याही १५ डेसिबल खालचा आवाज त्याला कळतो. शून्य डेसिबल ही माणसाच्या ऐकण्याची साधारण खालची मर्यादा धरतात, म्हणजे आपल्या लेखी जिथे पूर्ण शांतता असते तिथे खोकडाला काहीतरी कुजबुजत असतं. गवतातली उंदराची खसखस, पाचोळ्यावरची पावलं, पिल्लाची चिवचिव यांचा बराचसा भाग याच पट्ट्यात आणि त्याच्या वर मोडतो.

दिशा ओळखण्यातही हा कान तरबेज आहे. बर्फाच्या थराखाली उंदीर दिसत नाही, वासही पुरता कळत नाही, तरी खोकड कान रोखून क्षणभर थांबतं, उंच उडी घेतं आणि नेमकं त्याच्यावर पडतं. या उड्यांचा एक विलक्षण अभ्यास झेक संशोधकांनी २०११ मध्ये मांडला. उंच गवतात किंवा बर्फात लपलेल्या भक्ष्यावर ईशान्येकडे तोंड करून घेतलेल्या उड्या इतर बहुतेक दिशांच्या उड्यांपेक्षा कितीतरी अधिक यशस्वी ठरत होत्या. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग करून खोकड अंतर जुळवत असावं, असा त्यांचा तर्क आहे. तो तर्क पुढे टिको वा न टिको, एक गोष्ट पक्की आहे: या प्राण्याची शिकार कानानं सुरू होते. शिट्टीवाला नेमकं तेच दार ठोठावतो.

आता किंकाळीकडे वळू. सापडलेला ससा ओरडतो तरी का? दातांत धरणारा शत्रू काही दया दाखवणार नसतो. १९८३ मध्ये योरान होगस्टेट या पक्षीशास्त्रज्ञानं या प्रश्नाला एक धीट उत्तर दिलं. ही किंकाळी मदतीसाठी किंवा भाऊबंदांना सावध करण्यासाठी नसून दुसऱ्या शिकाऱ्याला बोलावण्यासाठी आहे, असं तो म्हणाला. दुसरा शिकारी आला, दोघांत झटापट झाली, पकड ढिली पडली, तर निसटायची एक संधी मिळते. मरण समोर असताना तेवढी संधीही पुष्कळ. त्यानं पक्ष्यांच्या किंकाळ्या ध्वनिमुद्रित करून रानात वाजवल्या, तेव्हा मांसाहारी प्राणी खरोखरच त्या दिशेनं आले. हे स्पष्टीकरण प्रत्येक प्राण्याला लागू पडतंच असं नाही, पण शिट्टी का चालते ते त्यातून चांगलं उलगडतं. किंकाळी ऐकणाऱ्या खोकडाला बातमी मिळते, की कुणीतरी भक्ष्य पकडलंय, ते जायबंदी झालंय, आणि पटकन पोचलो तर आयतं पोट भरेल.

दुसरा अभ्यास २०१४ चा आहे. सुझन लिंगल आणि टोबियास रीडे यांनी उत्तर अमेरिकेतल्या हरणांच्या माद्यांना इतर सस्तन प्राण्यांच्या पिल्लांचे टाहो ऐकवले. त्यात सील होता, मांजर होतं, वटवाघूळ होतं, माणसाचं तान्हं मूलही होतं. पट्टी हरणाच्या पाडसाच्या जवळपास असली की माद्या स्पीकरकडे धावत येत. मांजराचं पिल्लू आणि हरणाचं पाडस यांत ऐकणाऱ्याला काय सारखं वाटलं असेल? तोच आर्त चढउतार. घाबरलेल्या सस्तन प्राण्याचा घसा जवळपास एकाच तऱ्हेनं बोलतो. आवाज अचानक चढतो, मध्येच फाटतो, खरखरतो आणि घसरत खाली येतो.

मला या सगळ्या विषयातली कळीची गोष्ट हीच वाटते. पत्र्याच्या शिट्टीतून सशाची हुबेहूब नक्कल कधीच होत नाही आणि तशी गरजही नसते. आवाजात भीती उतरली पाहिजे, एवढंच. जुने शिट्टीवाले नवख्याला हेच सांगतात, की सूर लावू नकोस, जीव जातोय असं वाजव.

आणि पत्र्याच्या तुकड्यात ती सोय आहे. पहिल्या भोकातून सुटलेला हवेचा झोत दुसऱ्या भोकाच्या कडेवर आदळतो, तिथे भोवरे तयार होतात, त्यांचा दाब उलट फिरून झोताला हलवतो, आणि हे चक्र सेकंदाला हजारो वेळा घडून सूर निघतो. चहाची किटली उकळली की वाजते ती शिट्टी याच तत्त्वाची. किटलीच्या शिट्टीचं नेमकं गणित २०१३ मध्ये केंब्रिजच्या अभियंत्यांनी मांडलं. झोताचा वेग वाढला की सूर चढतो, घटला की उतरतो. त्यामुळे फुंकणाऱ्याचा श्वास चढला, अडखळला, संपत आला, तर तो प्रत्येक बदल आवाजात तसाच्या तसा उमटतो. माणसाच्या छातीतली धाप सशाच्या तोंडी जाते.

हातातल्या साधनांचे इतरही प्रकार आहेत. नळीत पातळ पत्ती बसवलेली पिपाणी सगळ्यांत सोपी. फुंकलं की ती एका ठरावीक पट्टीत रडते, त्यामुळे नवख्यालाही जमते. पत्ती उघडी ठेवलेल्या पिपाणीवर दातांनी दाब कमीजास्त करून ससा, पक्षी, खोकडाचं पिल्लू असे निरनिराळे आवाज काढता येतात, मात्र तिला सराव लागतो. रबरी फुगा दाबून उंदराची चीं चीं काढणारी साधनं असतात. आणि काहीच जवळ नसेल तर तळहाताची मागची बाजू ओठांशी धरून जोरात चोखली तरी उंदरासारखा आवाज निघतो. खोकड शेवटच्या टप्प्यात येऊन थबकलं असेल, तर हाच बारीक आवाज त्याला आणखी चार पावलं पुढे आणतो.

यंत्राची गोष्ट अमेरिकेत सुरू झाली. टेक्सासात कायोट या लांडग्याच्या कुळातल्या प्राण्याला आणि खोकडाला तोंडानं आवाज काढून बोलावण्याची जुनी रीत होती. मार्बल फॉल्स गावच्या बर्नहॅम बंधूंनी अशा पिपाण्या विकायला सुरुवात केली. पुढे वेको गावच्या जॉनी स्टुअर्ट यांनी खऱ्या प्राण्यांचे आवाज मुद्रित करून त्यांच्या तबकड्या काढल्या. तबकडीनंतर कॅसेट आली, मग डिजिटल चिप. आजच्या यंत्रात शेकडो आवाज साठवलेले असतात आणि ते रिमोटवर चालतं. या रिमोटनं फार मोठा फरक केला. शिट्टी वाजवणारा स्वतःच आवाजाचं ठिकाण असतो, त्यामुळे येणारं खोकड थेट त्याच्याकडे पाहत येतं. डोळा लवला, हात हलला, की खेळ संपला. यंत्र तीसचाळीस मीटरवर ठेवलं की खोकडाचं सगळं लक्ष तिकडे राहतं आणि माणसाचे दोन्ही हात मोकळे राहतात.

तरी यंत्राला स्वतःच्या मर्यादा आहेत. नेहमीच्या डिजिटल मुद्रणात साधारण २२ हजार हर्ट्‌झच्या वरचं काहीच टिपलं जात नाही, आणि छोटा स्पीकर तेवढंही नीट देत नाही. खोकडाला ऐकू येतं ४८ हजारांपर्यंत. लांबून याचा फारसा फरक पडत नाही, कारण उंच पट्टीचे आवाज हवेत लवकर विरतात. जवळ आल्यावर मात्र यंत्रातला ससा त्या कानाला अपुरा वाटत असेल, असं मानायला जागा आहे. त्याहून मोठी अडचण एकसुरीपणाची आहे. मुद्रण दर मिनिटाला पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. तोच ससा, तीच किंकाळी, त्याच ठिकाणी चुकार श्वास. आणि तेच यंत्र आजूबाजूच्या सगळ्यांकडे असतं. ज्या खोकडानं ती किंकाळी ऐकली, झगझगीत उजेड पाहिला आणि हुकलेल्या गोळीचा आवाज ऐकला, ते पुढच्या वेळी त्या आवाजावर येत नाही. उलट वळून निघून जातं. अशा शहाण्या झालेल्या खोकडासाठी मुरलेल्या माणसाची साधी शिट्टी मला अधिक भरवशाची वाटते, कारण ती दोनदा सारखी वाजत नाही.

साधन कुठलंही असो, खरी परीक्षा वाऱ्याची असते. आवाजावर विश्वास ठेवून खोकड निघतं, पण खात्री नाकानं करून घेतं. ते सरळ न येता वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातं आणि तिथून वास घेतं. म्हणून जाणता माणूस बसताना वारा तोंडावर घेतो किंवा खालच्या अंगाचा मोकळा पट्टा नजरेत राहील असं यंत्र मांडतो. पहिला आवाज अगदी हलका काढतात, कारण खोकड शेजारच्याच झुडपात असू शकतं आणि एकदम मोठा आवाज झाला तर ते बिथरतं. मग थोडी शांतता, मग जरा मोठा आवाज, असं करत पंधराएक मिनिटं वाट पाहायची. काही आलं नाही तर उठून दूरच्या जागी जायचं. रात्री उजेड टाकला की डोळ्यांच्या मागच्या परावर्तक थरामुळे खोकडाचे डोळे चमकतात. पण मेंढीचे डोळेही चमकतात आणि शेजाऱ्याच्या कुत्र्याचेही. पूर्ण प्राणी ओळखल्याशिवाय चापाला बोट लावायचं नाही, हा नियम तिथे पहिल्या दिवशी शिकवतात.

हंगामाचं गणितही आहे. ऑस्ट्रेलियात खोकडांचा मिलनकाळ हिवाळ्यात, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास. साधारण ५१ ते ५३ दिवसांनी पिल्लं होतात. ती उन्हाळ्याच्या शेवटी आईबापांपासून वेगळी होऊन नवा मुलूख शोधायला निघतात. भुकेली, अननुभवी, वाट चुकलेली ही तरुण पोरं शिट्टीला सर्वांत लवकर भुलतात. वसंतात मादीही येते, कारण बिळात पिल्लं भुकेली असतात. पण तेव्हा मादी मारली तर ती पिल्लं बिळातच उपाशी मरतात. उपद्रवी प्राणी असला तरी हा प्रश्न टाळता येणार नाही, आणि टाळणाऱ्याला मी चांगला शिकारी म्हणणार नाही.

एवढं कसब असूनही शिट्टीनं ऑस्ट्रेलियाचा प्रश्न सुटलेला नाही. एका इलाख्यातलं खोकड मारलं की काही आठवड्यांत शेजारचं तरुण खोकड ती जागा घेतं. संख्या खरोखर खाली आणायची तर दर वर्षी साधारण ६५ टक्के खोकडं कमी करावी लागतात, असं अभ्यासक मानतात. रात्री बंदूक घेऊन निघालेल्या मोजक्या माणसांना तो आकडा गाठता येत नाही. व्हिक्टोरिया सरकारनं २००२-०३ मध्ये खोकडामागे इनाम लावून पाहिलं. ढिगानं शेपट्या जमा झाल्या, पण राज्याच्या फार थोड्या भागातच खोकडांच्या संख्येवर काही परिणाम झाला असावा, असा निष्कर्ष निघाला.

मोठ्या प्रदेशावर काम झालं ते विषारी आमिषानं. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९८०च्या दशकात जॅक किनिअर आणि सहकाऱ्यांनी कातळांत राहणाऱ्या वॉलबी या छोट्या कांगारूसारख्या प्राण्यांवर प्रयोग केले. जिथे खोकडं हटवली तिथे वॉलबी वाढल्या, जिथे नाही तिथे त्या तशाच रखडल्या. त्यातून १९९६ मध्ये ‘वेस्टर्न शील्ड’ हा मोठा कार्यक्रम उभा राहिला. तिथे वापरलं जाणारं १०८० नावाचं विष त्या भागातल्या काही देशी वनस्पतींत निसर्गतःच असतं. त्यामुळे तिथले देशी प्राणी ते बऱ्याच प्रमाणात पचवतात आणि बाहेरून आलेलं खोकड मरतं. तरी प्रत्येक ठिकाणी काही खोकडं उरतात, जी आमिषाला तोंडच लावत नाहीत. पेंग्विनसाठी प्रसिद्ध असलेलं व्हिक्टोरियातलं फिलिप आयलंड अनेक वर्षांच्या प्रयत्नांनंतर २०१७ मध्ये खोकडमुक्त जाहीर झालं. शेवटची मोजकी खोकडं शोधण्याची वेळ येते तेव्हा शिट्टी, माग काढणारा कुत्रा आणि धीर धरणारा माणूस यांची किंमत कळते. शिट्टीची जागा ही आहे, असं माझं मत आहे.

बनावट आवाजाचा मोह सगळीकडेच असतो, म्हणून कायद्यानं त्याला जागोजागी लगाम घातला आहे. अमेरिकेत बदकांसारख्या स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत मुद्रित आवाज वाजवायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. ब्रिटनच्या १९८१च्या वन्यजीव कायद्यातही पक्ष्यांना मारण्या-पकडण्यासाठी ध्वनिमुद्रणाचा भुलावा चालत नाही. आपल्याकडे तर १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं खोकड आणि कोल्हा दोघांनाही संरक्षण आहे. त्यांना बोलावून मारणं हा गुन्हा आहे. आपलं खोकड काही बाहेरून आलेलं नाही. ते या माळाचंच आहे आणि उंदीर, टोळ, किडे खाऊन शेतकऱ्याचं कामच करतं.

मात्र हीच युक्ती प्राणी न मारता त्यांची गणती करायलाही वापरता येते. युरोपात कोल्ह्यांची मोजणी करताना मुद्रित कोल्हेकुई वाजवतात आणि किती कळप उत्तर देतात ते नोंदवतात. बांगलादेशातही कोल्ह्यांच्या इलाख्याचा अभ्यास असा आवाज ऐकवून झाला आहे. आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर डॉ. अबी वनक आणि सहकाऱ्यांनी खोकडावर जे प्रयोग केले त्यांत आवाज नव्हता, अन्नाच्या थाळ्या होत्या. कुत्रं जवळ दिसत असलं की खोकड थाळीकडे कमी येतं आणि कमी खातं, असं त्यांना आढळलं. आधीच इतक्या दडपणाखाली जगणाऱ्या प्राण्याला खोट्या किंकाळीमागे पळवणं म्हणजे त्याची रात्रीची कमाई हिरावणं आहे.

हे लिहिण्याचं कारण असं, की सशाची ती किंकाळी आता कुणाच्याही फोनवर मिनिटभरात उतरवता येते. फोटोसाठी घुबड, नवरंग यांना फोनवरून आवाज ऐकवून बोलावण्याची सवय आपल्याकडे पडली आहेच. ती माळावरच्या खोकडापर्यंत पोचायला वेळ लागणार नाही. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांच्या पिल्लांचा काळ. तेव्हा सोलापूर, पुणे, नगरच्या माळांवर कॅमेरा घेऊन जाणाऱ्यांना माझी विनंती आहे: बिळापासून लांब गाडी थांबवा, इंजिन बंद करा आणि काहीही न वाजवता बसा. खोकड स्वतःच्या वेळेला बाहेर येतं. आणि कुणी आवाज लावून किंवा फासे मांडून शिकार करताना दिसलं, तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर लगेच कळवा.